पन्नास हजार राउटर आणि कायमची कनेक्शन: आधी परतीचा हिशेब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंटरनेट सेवादाराचे घरं, दुकानं आणि शाळा मिळून साधारण पन्नास हजार राउटर आहेत. काही फायबरवर, काही ४जी सिमवर, आणि बहुतेक सगळे सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांवर बसवणाऱ्या पेटीच्या मागे. प्रत्येक राउटर मॅनेजमेंट सर्व्हरशी एक टीएलएस (कूटबद्ध) कनेक्शन उघडतो आणि ते कायम उघडं ठेवतो. तक्रारी तीन. चालू असलेले राउटर पॅनेलवर ‘ऑफलाइन’ दिसतात. बंद पडलेले काही राउटर बराच वेळ ‘ऑनलाइन’ दिसत राहतात. आणि एखाद्या भागात वीज जाऊन आली किंवा सर्व्हर रीस्टार्ट केला, की पुढचा अर्धा-पाऊण तास सगळी सिस्टिम गुदमरते. विचारलंय ते हे: हार्टबीट (‘मी आहे’ असा ठरावीक वेळाने जाणारा छोटा संदेश) ३० सेकंदांवर आणावा का, आणि आणखी सर्व्हर घ्यावेत का?

माझं उत्तर: दोन्ही इतक्यात नको. तिन्ही तक्रारींचं मूळ दुसरीकडे आहे आणि ते दुरुस्त न करता हार्टबीट जास्त वेळा पाठवला, तर पहिली तक्रार जशीच्या तशी राहील आणि तिसरी आणखी बिघडेल. पन्नास हजार कनेक्शन शांतपणे उघडी ठेवणं आजच्या साध्या सर्व्हरला जड नाही. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये एका मशीनवर दहा हजार क्लायंट कसे सांभाळायचे हा प्रश्न मांडला, तेव्हा तो खरोखर अवघड होता. आज लिनक्सवर ईपोल (हजारो कनेक्शनवर एकदम लक्ष ठेवण्याची सोय) वापरणारा कुठलाही नीट लिहिलेला सर्व्हर त्याच्या कितीतरी पट कनेक्शन धरतो. खर्च धरून ठेवण्यात नाही, तुटलेली कनेक्शन एकाच वेळी परत जोडण्यात आहे. म्हणून अशी सिस्टिम आखताना नेहमीचा दिवस समोर ठेवू नका, सगळे एकदम परत येतात ती पाच मिनिटं समोर ठेवा.

पण आधी कनेक्शन ‘जिवंत’ आहे म्हणजे काय, ते बघू. पहिल्या दोन तक्रारी तिथल्याच आहेत.

टीएलएसच्या खालचं टीसीपी कनेक्शन म्हणजे दोन टोकांनी आपापल्या मेमरीत ठेवलेली नोंद. मधे तार ताणलेली नसते. राउटरची वीज गेली तर तो निरोप घेऊन जात नाही. सर्व्हरकडची नोंद तशीच राहते, आणि सर्व्हरने काही पाठवलंच नाही तर ती अनंत काळ राहू शकते. टीसीपीचा स्वतःचा कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का याची चौकशी) असतो, पण प्रोग्रामने मागितल्याशिवाय तो चालू होत नाही, आणि लिनक्सवर त्याची मूळ सेटिंग अशी आहे: ७२०० सेकंद शांतता झाली की पहिली चौकशी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ चौकश्या. म्हणजे मेलेलं कनेक्शन कळायला २ तास ११ मिनिटं. नुसतं ‘कीपअलाइव्ह ऑन’ करून निश्चिंत झालेली टीम इथेच फसते.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट पुढे आहे. सर्व्हरने अशा मेलेल्या कनेक्शनवर कमांड पाठवली आणि तिची पोच आली नाही, तर त्या काळात कीपअलाइव्ह कामच करत नाही. पोच न आलेला डेटा अडकलेला असला की टीसीपी रीट्रान्समिशनच्या, म्हणजे पुन्हा पाठवण्याच्या घड्याळावर चालतो. लिनक्समध्ये त्याची मूळ मर्यादा १५ पुन्हा-प्रयत्नांची आहे आणि प्रत्येक वेळी अंतर वाढत जातं, त्यामुळे प्रोग्रामला ‘कनेक्शन गेलं’ हे कळायला सुमारे १५ मिनिटं लागतात. कीपअलाइव्ह ३० सेकंदांवर आणूनही बंद राउटर पाव तास ऑनलाइन दिसतो, त्याचं हे एक नेहमीचं कारण. उपाय म्हणजे सॉकेटवर टीसीपी यूजर टाइमआउट लावणं. लिनक्समध्ये तो प्रत्येक सॉकेटला वेगळा लावता येतो. पोच न येता किती वेळ थांबायचं हे तो स्पष्ट सांगतो. हार्टबीटच्या दोन-अडीच पट ठेवला की पुरतो.

आता सीजीनॅट. ग्राहकाच्या राउटरला १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता मिळतो आणि सेवादाराच्या आत एक मोठी पेटी हजारो ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांवर बसवते. प्रत्येक कनेक्शनची नोंद त्या पेटीच्या तक्त्यात असते. तक्ता भरू नये म्हणून शांत नोंदी काढल्या जातात, आणि काढताना कुणालाही कळवलं जात नाही. मग राउटरला वाटतं आपण जोडलेले आहोत, सर्व्हरलाही तसंच वाटतं, आणि मधे काहीच नसतं. २००८ चा आरएफसी ५३८२ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) म्हणतो, की प्रस्थापित टीसीपी कनेक्शनची नोंद किमान २ तास ४ मिनिटं ठेवावी. तो आकडा वरच्या दोन तासांच्या कीपअलाइव्हवरूनच आला आहे. प्रत्यक्षात मोबाइल नेटवर्कवर नोंद त्याच्या खूप आधी गेलेली आढळते. क्लाउडमधलेही मधले टप्पे असेच असतात. ॲमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरची (कनेक्शन अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या टप्प्याची) शांततेची मूळ मर्यादा ३५० सेकंद आहे, अझुरच्या लोड बॅलन्सरची ४ मिनिटं. तुमचा सर्व्हर अशा बॅलन्सरच्या मागे असेल तर सीजीनॅटच्या आधी हा आकडा तपासा.

यातून एक नियम निघतो आणि तो मी कधीच मोडू देत नाही: हार्टबीट राउटरने पाठवायचा, आणि त्याच्या उत्तराची वाटही राउटरनेच बघायची. सर्व्हरकडून पिंग, म्हणजे ‘आहेस का’ अशी विचारणा, करणाऱ्या सिस्टिम मी पुष्कळ बघते. नोंद शाबूत असेपर्यंत ते चालतं. पण नोंद एकदा गेली, की सर्व्हरचा पिंग राउटरपर्यंत पोचण्याचा मार्गच उरत नाही. सर्व्हर कनेक्शन बंद करून मोकळा होतो आणि राउटर मात्र समाधानात बसून राहतो. नवीन कनेक्शन फक्त तोच उघडू शकतो, म्हणून तुटल्याचं त्यालाच कळायला हवं. एमक्यूटीटी या डिव्हाइसांच्या संदेश-प्रोटोकॉलमध्ये ही वाटणी मुळातच बरोबर आहे: पिंग क्लायंट (इथे राउटर) पाठवतो, ब्रोकर (संदेश सांभाळणारा सर्व्हर) उत्तर देतो, आणि ठरलेल्या वेळेच्या दीडपट काळ काहीच आलं नाही तर ब्रोकर त्याला गेलेला समजतो.

हार्टबीट किती सेकंदांचा ठेवायचा हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. सोपं आहे. प्रत्येक प्रकारच्या जोडणीवर, म्हणजे फायबर, प्रत्येक मोबाइल कंपनीचं सिम आणि तुमचा लोड बॅलन्सर, अशी काही चाचणी कनेक्शन उघडा. एकावर २ मिनिटं शांतता ठेवा, दुसऱ्यावर ४, मग ८, १६, ३२. वेळ झाली की राउटरच्या बाजूने एक बाइट पाठवा आणि उत्तर येतं का बघा. जिथे पहिल्यांदा उत्तर येत नाही, त्याच्या आधीच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा कमी हार्टबीट ठेवा, म्हणजे एखादा हरवला तरी नोंद टिकते. समजा ८ मिनिटं टिकलं आणि १६ ला गेलं, तर २०० ते २२० सेकंद पुरेत. तिथे ३० सेकंद लावण्यात काही मिळकत नाही. सर्व्हरला दर सेकंदाला १६६७ हार्टबीट सोसवतील, प्रश्न तो नाही. प्रश्न ४जी सिमचा आहे. टीएलएस आणि टीसीपीचे हेडर, पोच, उत्तर धरून एका फेरीला साधारण २०० बाइट धरा. ३० सेकंदांनी ते महिन्याला १७ एमबीच्या आसपास जातं, आणि छोट्या मशीन-सिमच्या प्लॅनमध्ये तेवढा डेटा नुसत्या ‘मी आहे’ म्हणण्यात घालवणं चूक आहे.

हार्टबीट रिकामा पाठवू नका. त्यात अपटाइम (राउटर किती वेळ सलग चालू आहे), सेशनचा, म्हणजे त्या एका जोडणीचा, क्रमांक आणि चालू कॉन्फिगरेशनची आवृत्ती द्या. दहा-वीस बाइटची भर, पण फायदा मोठा. कनेक्शन तुटून परत आलं आणि अपटाइम पुढे चालू आहे, तर लाइन गेली होती. अपटाइम शून्यापासून सुरू झालाय, तर वीज गेली होती किंवा राउटर कोसळला. ग्राहकाचा फोन आल्यावर सपोर्टला बसलेल्या मुलाला ही एक ओळ समोर दिसली, तर तंत्रज्ञाची एक फुकटची फेरी वाचते.

आता चालू राउटर ‘ऑफलाइन’ का दिसतात. तुमच्याकडे एकाहून जास्त सर्व्हर आहेत असं वर्णनावरून वाटतं. तसं असेल तर लॉग उघडून एका राउटरचा घटनाक्रम लावून बघा. बहुधा असा दिसेल. १०:०० ला राउटर सर्व्हर ‘अ’ वर आहे. १०:०५ ला वीज जाते. १०:०७ ला परत येते, राउटर नवीन कनेक्शन उघडतो आणि लोड बॅलन्सर त्याला सर्व्हर ‘ब’ वर पाठवतो. ‘ब’ डेटाबेसमध्ये लिहितो: ऑनलाइन. इकडे ‘अ’ ला जुनं कनेक्शन अजून जिवंत वाटतंय. १०:२० ला त्याला कळतं की ते मेलं, आणि तो प्रामाणिकपणे त्याच राउटरच्या नावापुढे लिहितो: ऑफलाइन. राउटर व्यवस्थित चालू आहे, ‘ब’ शी बोलतोय, आणि पॅनेल लाल आहे.

दोष हार्टबीटचा नाही, नोंदीचा आहे. कनेक्शनची स्थिती राउटरच्या नावावर लिहिली जाते. ती सेशनच्या नावावर लिहायला हवी. प्रत्येक नवीन कनेक्शनला एक वाढता सेशन क्रमांक द्या, सामायिक नोंदवहीत राउटरपुढे सध्याचा सेशन आणि सर्व्हर लिहा, आणि ‘ऑफलाइन’ लिहिताना अट घाला: नोंदवहीत अजून माझाच सेशन असेल तरच. ही तुलना आणि लिहिणं एकाच अखंड पायरीत व्हायला हवं. आधी वाचून मग लिहिलं, तर त्या मधल्या क्षणात तीच चूक परत होते. शिवाय ‘ब’ ने नवीन सेशन लिहिताना जुना सेशन दिसला, तर ‘अ’ ला तो लगेच बंद करायला सांगा. ही दुरुस्ती दोन-चार दिवसांच्या कामाची आहे आणि पहिली तक्रार बहुतांशी तिथेच संपते.

एमक्यूटीटी वापरणाऱ्यांसाठी यातलाच एक वेगळा प्रकार आहे. नियमाप्रमाणे एकाच क्लायंट आयडीने दुसरं कनेक्शन आलं, की ब्रोकरने पहिलं तोडायचं. फर्मवेअरची (राउटरमधल्या सॉफ्टवेअरची) प्रत काढताना दोन राउटरांत एकच आयडी गेला असेल, तर ते दोघं एकमेकांना सतत बाहेर काढत राहतात. पॅनेलवर एक राउटर सेकंदा-दोन सेकंदाला चालू-बंद होताना दिसतो. अशा वेळी लाइन तपासण्याआधी दोन वेगळ्या ठिकाणांहून तोच आयडी येतोय का बघा.

खोट्या ‘ऑफलाइन’वर मी एवढा भर देते, कारण त्याची किंमत माणसं मोजतात. रात्रपाळीला बसलेल्या ऑपरेटरला पहिल्या आठवड्यात प्रत्येक लाल दिवा खरा वाटतो. महिनाभरात तो शिकतो, की लाल दिवा आपोआप हिरवा होतो. मग ज्या रात्री खरंच एखाद्या आरोग्य केंद्राची लाइन जाते, त्या रात्रीही तो तेच म्हणतो. हे त्याचं आळशीपण नाही, सिस्टिमने त्याला शिकवलेलं आहे. म्हणून एकट्या राउटरचा एक हार्टबीट चुकला तर अलार्म नको, ‘संशयित’ एवढीच नोंद पुरे. आणि एकाच ओएलटीखालचे (शेकडो फायबर ग्राहकांना जोडणाऱ्या सेवादाराच्या यंत्राखालचे) तीनशे राउटर एका मिनिटात गेले तर तीनशे अलार्मही नकोत. त्या ओएलटीचा किंवा त्या फीडरचा एकच द्या.

आता तिसरी तक्रार, सगळ्यात महत्त्वाची. हिशेब मांडून बघू. समजा सर्व्हर दर सेकंदाला ४०० लॉगिन पूर्ण करू शकतो. पन्नास हजार राउटर एकदम आले तर रांग संपायला १२५ सेकंद हवेत. दोन मिनिटांचं काम. मग पाऊण तास का लागतो? कारण फर्मवेअरमध्ये लिहिलेलं असतं: १० सेकंदांत लॉगिन झालं नाही तर तोडा आणि पुन्हा प्रयत्न करा. पहिल्या १० सेकंदांत चार हजारांचा नंबर लागतो. उरलेले सेहेचाळीस हजार कनेक्शन सोडून परत रांगेच्या शेवटी येऊन उभे राहतात. सर्व्हरला ते गेल्याचं लगेच कळत नाही. तो सोडून गेलेल्यांचे हँडशेक (टीएलएस जुळवण्याची सुरुवातीची देवाणघेवाण) सोडवत बसतो, त्यांच्यासाठी डेटाबेस विचारतो, आणि उत्तर द्यायला जातो तेव्हा समोर कुणी नसतं. सीपीयू शंभर टक्के, नवीन लॉगिन जवळजवळ शून्य. यात आणखी सर्व्हर घातले तर गर्दी थोडी लवकर ओसरेल, पण राउटर लाखावर गेले की पुन्हा हेच.

उपाय राउटरच्या बाजूने सुरू होतो. परत जोडताना थांबण्याचा काळ दरवेळी वाढवत न्या आणि तो यादृच्छिक ठेवा: शून्यापासून चालू मर्यादेपर्यंत कुठलाही. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. निसटतं ते पुढचं. बहुतेक फर्मवेअरमध्ये हा नियम दुसऱ्या प्रयत्नापासून लागतो आणि पहिला प्रयत्न बूट झाल्याबरोबर होतो. भारनियमन संपून फीडर चालू झाला, की एकाच मॉडेलचे, एकाच फर्मवेअरचे राउटर सेकंदा-दोन सेकंदांच्या फरकाने बूट होतात आणि एकदमच दार ठोठावतात. म्हणून पहिला प्रयत्नही पसरवा. पन्नास हजार राउटर ३०० सेकंदांत पसरले तर दर सेकंदाला १६७ येतील. तोच सर्व्हर, ४०० ची क्षमता, आणि पाच मिनिटांत सगळे आत. नवीन मशीन एकही नाही.

इथे दोन बारीक खाचा आहेत आणि दोन्ही स्वस्त राउटरमध्ये हमखास सापडतात. पहिली, यादृच्छिक आकड्याचं बीज, म्हणजे तो ज्यावरून काढला जातो तो सुरुवातीचा आकडा. या राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बूट झाल्यावर त्यांची वेळ बहुधा एकच असते, १९७० किंवा फर्मवेअर बनल्याची तारीख. बीज वेळेवरून घेतलं असेल तर सगळ्यांना एकच ‘यादृच्छिक’ आकडा मिळतो, आणि सगळे ठरवून १४३ सेकंद थांबतात आणि मग एकदम येतात. बीजात मॅक पत्ता किंवा सीरियल नंबर मिसळा. दुसरी खाच तीच वेळ. घड्याळ १९७० मध्ये असताना टीएलएसने सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं, तर ते ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारलं जातं. एनटीपीने (नेटवरून घड्याळ लावण्याची पद्धत) वेळ मिळेपर्यंत जोडायचं नाही हा एक मार्ग. शेवटची माहीत असलेली वेळ फ्लॅशमध्ये लिहून ठेवून बूट झाल्यावर तिथून सुरू करणं हा दुसरा. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणं हा मार्ग नाही. तो केलेला मी बघितला आहे, आणि ते पन्नास हजार घरांची किल्ली दाराबाहेर ठेवण्यासारखं आहे.

आणखी एक: थांबण्याचा काळ पुन्हा शून्यावर कधी आणायचा? टीसीपी जुळल्याबरोबर आणला तर घोटाळा होतो. सर्व्हर गर्दीमुळे जोडून लगेच तोडत असेल, तर राउटरला प्रत्येक वेळी ‘यश’ मिळतं आणि तो परत सेकंदाभरात येतो. लॉगिन पूर्ण होऊन सेशन चार-पाच मिनिटं टिकला, की मगच शून्यावर आणा.

सर्व्हरच्या बाजूने करायचं ते असं. एका वेळी किती हँडशेक हातात घ्यायचे याला मर्यादा घाला आणि त्यापलीकडच्यांना सुरुवातीलाच नकार द्या. टीएलएसच्या आधी दिलेला नकार जवळपास फुकट असतो, हँडशेकनंतरचा महाग. लॉगिनच्या टप्प्यावर नाकारायचं असेल तर ‘अमुक सेकंदांनी या’ असा निरोप द्या आणि फर्मवेअरला तो पाळायला लावा. प्रमाणपत्र आरएसए २०४८ या सहीच्या पद्धतीचं असेल तर ईसीडीएसए पी-२५६ या पद्धतीवर जा, सर्व्हरला सही करण्याचं काम कित्येक पट हलकं होतं. टीएलएस सेशन पुन्हा वापरायची सोय चालू ठेवा, पण तिकिटाची (जुना टीएलएस सेशन ओळखायच्या खुणेची) किल्ली सगळ्या सर्व्हरवर एकच आहे ना ते बघा. नाहीतर दुसऱ्या सर्व्हरवर गेलेल्या राउटरला पूर्ण हँडशेकच करावा लागतो.

तरीही सांगते, टीएलएस हा सहसा खरा अडथळा नसतो. खरा अडथळा लॉगिननंतरचा असतो. राउटर जोडला गेला, की कित्येक सिस्टिम त्याचं पूर्ण कॉन्फिगरेशन मागवतात, इन्व्हेंटरी ताजी करतात, डेटाबेसमध्ये डझनभर नोंदी लिहितात. पन्नास हजार गुणिले बारा म्हणजे सहा लाख क्वेरी, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या न बदललेल्या माहितीसाठी. वर हार्टबीटमध्ये कॉन्फिगरेशनची आवृत्ती द्यायला सांगितलं ते यासाठीही. आवृत्ती जुळली तर काहीच मागू नका. नेटकॉन्फ या कॉन्फिगरेशनच्या प्रोटोकॉलवर चालणाऱ्या डिव्हाइसमध्ये अशीच एक सोय तयार असते. सुरुवातीच्या हॅलो संदेशात यांग लायब्ररीचा (डिव्हाइस कुठली कॉन्फिगरेशन-रचना, म्हणजे स्कीमा, वापरतो त्या यादीचा) एक ओळखक्रमांक येतो. तो तुमच्याकडच्या नोंदीशी जुळला, तर स्कीमा पुन्हा उतरवून घ्यायची गरज नसते.

तुमचा स्वतःचा रीस्टार्टही वीज जाण्यासारखाच आहे, फक्त तो तुमच्या हातात आहे. नवीन आवृत्ती चढवताना प्रोसेस मारू नका. आधी त्या सर्व्हरकडे नवीन कनेक्शन पाठवणं थांबवा, मग जुनी सेकंदाला शंभर-दीडशेच्या गतीने, सांगून बंद करा. पंचवीस हजारांना साधारण चार मिनिटं लागतात. दुसऱ्या सर्व्हरला हात लावण्याआधी पहिल्यावर पुरेसे परत आलेत का बघा.

मर्यादांचं पटकन. ‘एका सर्व्हरवर ६५,५३५ च कनेक्शन बसतात’ हे अजून ऐकू येतं आणि ते चूक आहे. कनेक्शन दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट अशा चौकडीने ओळखलं जातं, त्यामुळे एका पोर्टवर लाखो राउटर येऊ शकतात. ही मर्यादा खरी पडते ती प्रॉक्सी (मधे बसून कनेक्शन पुढे नेणारा सर्व्हर) आणि मागचा सर्व्हर यांच्यात. तिथे एकाच पत्त्याकडून एकाच पत्त्या-पोर्टकडे जायचं असतं आणि लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट मिळतात. तुमचा आकडा अठ्ठावीस हजारांच्या आसपास अडकत असेल तर कारण शोधायला दूर जाऊ नका. फाइल डिस्क्रिप्टरची (प्रत्येक उघड्या कनेक्शनला एक लागतो) मूळ मर्यादा १०२४ असते, ती सर्व्हिसच्या फाइलमध्ये वाढवा. सर्व्हरवरच्या फायरवॉलचा कनेक्शन तक्ता भरला तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पॅकेट गुपचूप टाकून देतो आणि फक्त कर्नलच्या लॉगमध्ये लिहितो. मॅनेजमेंटच्या पोर्टला त्या नोंदणीतून वगळा. प्रत्येक कनेक्शनमागे एक थ्रेड (प्रोग्राममधली स्वतंत्र चालणारी शाखा) अशी रचना असेल तर मात्र ती बदलावीच लागेल.

ओएलटी, स्विच आणि कोअर राउटर यांचा मामला उलटा आहे. तिथे मॅनेजमेंट सिस्टिम स्वतः डिव्हाइसकडे जाते आणि टंचाई डिव्हाइसच्या बाजूला असते. सिस्कोच्या बऱ्याच डिव्हाइसवर मुळात पाचच व्हीटीवाय लाइन (दुरून लॉगिन करायच्या जागा) असतात आणि शांत सेशन १० मिनिटांनी बंद होतो. बॅकअपचा प्रोग्राम एक धरतो, मॉनिटरिंग एक, ऑटोमेशन दोन, आणि आणीबाणीत इंजिनिअरला आत जायला जागा नसते. म्हणून एका डिव्हाइसला एकच कनेक्शन, एकाच मध्यस्थ सर्व्हिसकडे, आणि बाकी सगळ्यांनी तिच्याकडे रांग लावायची. माणसासाठी एक लाइन कायम राखीव. नेटकॉन्फमध्ये कुलूप लावलेला सेशन मेला, तर डिव्हाइसला ते कळेपर्यंत इतरांना बदल करता येत नाही. नवीन सेशन उघडून जुना मारायची कमांड आहे, ती मध्यस्थाला शिकवून ठेवा. आणि जीआरपीसीवर चालणाऱ्या जीएनएमआयने टेलिमेट्री (डिव्हाइसची सतत येणारी आकडेवारी) घेत असाल तर हार्टबीटचं अंतर कमी करायचा मोह आवरा. जीआरपीसीचा सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा लवकर येणारे कीपअलाइव्ह पिंग त्रास समजतो आणि ‘फार पिंग झाले’ म्हणून कनेक्शनच तोडतो. बदलायचं तर दोन्ही टोकांना बदला.

सगळ्या घरगुती राउटरना कायमचं कनेक्शन हवंच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा. टीआर-०६९ या घरगुती राउटरच्या जुन्या मॅनेजमेंट पद्धतीत राउटर ठरावीक वेळाने येऊन हजेरी लावतो आणि निघून जातो. मधेच बोलवायचं तर सर्व्हर त्याच्या ७५४७ पोर्टवर हाक मारतो. सीजीनॅटच्या मागे ती हाक पोचत नाही, आणि सार्वजनिक पत्त्यावर उघडं पोर्ट ठेवणं धोक्याचं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराई या मालवेअरच्या एका प्रकाराने याच पोर्टवर हल्ला केला आणि जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांच्या राउटरना त्याचा फटका बसला. आतून बाहेर उघडलेलं कायमचं कनेक्शन या दोन्ही अडचणी सोडवतं, म्हणून पुढच्या टीआर-३६९ या पद्धतीत एमक्यूटीटी आणि वेबसॉकेट असे कायम उघडे राहणारे मार्ग आले, आणि नेटकॉन्फला २०१७ च्या आरएफसी ८०७१ ने डिव्हाइसनेच सर्व्हरला हाक मारायची सोय दिली. त्यात टीसीपी डिव्हाइस उघडतो, पण एसएसएचमध्ये (सुरक्षित लॉगिनच्या प्रोटोकॉलमध्ये) सर्व्हरची भूमिका डिव्हाइसचीच राहते. म्हणजे त्याची होस्ट की (ओळख पटवणारी किल्ली) तपासणं हे तुमचं काम. सीजीनॅटमागच्या डिव्हाइसची ओळख पत्त्यावरून कधीच पटवू नका.

दर पाच मिनिटांनी येऊन जाणं हा मात्र दोन्हीकडून तोट्याचा मार्ग आहे. पन्नास हजारांना त्यात दर सेकंदाला १६७ पूर्ण हँडशेक, चोवीस तास. माझी विभागणी अशी असते: सपोर्टला फोनवर असतानाच राउटर बघायचा आहे, किंवा दुकान, शाळा, दवाखान्याची लाइन आहे, तिथे कायमचं कनेक्शन. केवळ फर्मवेअर आणि आकडेवारीसाठी हवेत त्यांना तासातून किंवा सहा तासांतून एक हजेरी, तीही पसरलेली.

तुमच्याकडे कामाचा क्रम मी असा लावेन: आधी सेशन क्रमांकाची अट, मग सर्व्हरवर हँडशेकची मर्यादा आणि सावकाश रीस्टार्ट, मग मोजून ठरवलेला हार्टबीट, आणि पुढच्या फर्मवेअरमध्ये पहिल्या प्रयत्नाची पसरण. फर्मवेअर सगळ्या राउटरपर्यंत पोचायला महिने जातात. तोवर सर्व्हरची मर्यादा तुम्हाला सांभाळेल.

प्रत्येक पायरीनंतर चाचणी करा. एका सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टवर फायरवॉलने पॅकेट २० मिनिटं गुपचूप टाकून द्यायला लावा. नाकारायला लावू नका, कारण नाकारलं की राउटरला लगेच कळतं, आणि सीजीनॅट किंवा गेलेली वीज असं कधी कळवत नाही. पहाटे तीन-साडेतीनला, आधी पाचशे राउटरवर, मग पाच हजारांवर. अडथळा काढल्यावर आलेख सरासरीचा लावू नका. निम्मे कधी आले, ९९ टक्के कधी आले आणि शेवटचा कधी आला, हे तीन आकडे लिहून ठेवा. निम्मे दोन मिनिटांत आणि शेवटचा चाळीस मिनिटांनी येत असेल, तर त्या शेवटच्या शंभरांचे लॉग एकेक करून वाचा. चुकीचं घड्याळ, एकच क्लायंट आयडी, न वाढणारा थांबा, सगळं तिथेच सापडतं.